चित्रांतील लहान होडी

समुद्राचें चित्र काढावयास सांगितलें कीं विद्यार्थ्यांचा ओढा बहुधा मोठ्या जहाजांकडे असतो. परंतु आमच्या मतें लहान होडी हाच विषय अधिक थोर होय. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर याचें १८८५ सालचें ‘धुक्याचा इशारा’ हें चित्र पाहावें. होडींत मोठाले मासे घेऊन निघालेला एकटा मच्छीमार. दूर क्षितिजावर जहाज, आणि त्यापलीकडे दाटून येणारें धुकें! जहाज दिसेनासें झालें तर परतीची वाट सांपडणें कठीण. तो मान वळवून अंतर अजमावीत आहे. तो पोहोंचेल काय, हें चित्रकार सांगत नाहीं. जहाज चालतें तें शिडांच्या वा यंत्रांच्या बळावर. होडी चालते ती माणसाच्या बाहूंवर. म्हणून, बालमित्रांनो, होडी रेखाटाल तेव्हां वल्हविणाऱ्याचे श्रमही रेखाटा.