पगारपत्रकावरचे सौभाग्य

लग्न जमवताना मुलीचा बाप मुलाचा पगार विचारतो, यात वावगे काही नाही. आमच्याकडचे कितीतरी संसार त्या एका प्रश्नावर उभे राहिले. पण अक्षता पडून वर्षे लोटल्यावर सरकारनेच उंबऱ्यात उभे राहून तो प्रश्न पुन्हा विचारावा, आणि उत्तर पसंत पडले नाही तर 'नवऱ्याला घरात घ्यायचे नाही' असे बायकोला बजावावे, याला काय म्हणावे? ब्रिटनच्या सरकारने हा उद्योग 2012 सालापासून मांडला आहे.

त्या वर्षीच्या जुलैत नियम आला, की परदेशी जोडीदाराला आणू पाहणाऱ्या नागरिकाचे उत्पन्न वर्षाला निदान 18,600 पौंड हवे. 11 एप्रिल 2024 पासून ही रक्कम 29,000 पौंड झाली, म्हणजे आपले तीस लाखांहून अधिक रुपये. काही अपंगांना यातून सूट आहे, तेवढे बरे. बाकीच्यांना पगार कमी पडत असेल तर त्यांनी 88,500 पौंडांची शिल्लक दाखवावी! मी गणिताचा शिक्षक नव्हे. तरीही हिशेब करून पाहिला. कोटीच्या आसपास जातो.

फराळाचे ताट पुढे असताना हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण पाडव्याचे ओवाळणे नवरा समोर पाटावर बसल्याखेरीज होत नाही, आणि हा नियम नेमका त्या पाटाशी येऊन भिडतो.

समजा, मिरजेची एक परिचारिका आहे. वीस वर्षे ब्रिटनमध्ये रुग्णसेवा करून ती तिथली नागरिक झाली. आईच्या दुखण्यासाठी मिरजेला आली, इथेच एका रुग्णालयात लागली, एका शिक्षकाशी लग्न केले. आई गेली. आता तिला परतायचे आहे; घर तिकडे, निवृत्तिवेतन तिकडे. तिकडच्या नोकरीचे पक्के पत्रही हातात आहे. पण नुसते ते पत्र पुरत नाही. इथे मिळवलेला पगारही त्याच मापाचा लागतो! मिरजेत कोणत्या परिचारिकेला तीस लाख मिळतात हो? मग उरते एकच वाट. तिने एकटीने जायचे, सहा महिने राबून पगाराच्या पावत्या जमवायच्या, मग अर्ज करायचा आणि निकालाची वाट पाहायची. आणि मास्तरांचा पगार? परदेशातून अर्ज करताना तो धरतच नाहीत. उद्या लंडनच्या एखाद्या शाळेने त्यांना नोकरी देऊ केली तरी नाही. मुलीचा कंजूष बापदेखील दोन्ही घरची मिळकत बघतो.

यावर ठरलेले उत्तर येते, की परक्यांचा भार आमच्या खजिन्यावर पडू नये. मान्य. पण या व्हिसावर येणाऱ्याला सरकारी मदतीची दारे मुळातच बंद असतात. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला 1,035 पौंड ठेवला, तोही आगाऊ भरायचा. अर्जाची फी निराळी. ज्याच्याकडून भार आधीच वसूल केला, त्यालाच पुन्हा भार म्हणायचे! तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली उत्पन्नाची अट तत्त्वतः उचलून धरली, हे मी लपवत नाही. पण मुलांच्या हिताचा आणि इतर मिळकतीचा विचार नियमांत नीट झालेला नाही, असेही त्याच न्यायालयाने सुनावले.

पूर्वी एक आडवाट होती, आणि ती एका भारतीयाच्या नावाने ओळखली जाई. सुरिंदर सिंग यांनी 1982 साली ब्रॅडफर्डला ब्रिटिश नागरिक असलेल्या स्त्रीशी लग्न केले. दोघांनी जर्मनीत नोकऱ्या केल्या आणि 1985 साली ते ब्रिटनला परतले. पुढे त्यांचे पटले नाही, तो भाग निराळा. पण 1992 साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की युरोपातल्या दुसऱ्या देशात काम करून मायदेशी परतणाऱ्याला जोडीदार बरोबर आणण्याचा हक्क आहे. 2012 नंतर कित्येक जोडपी केवळ यासाठी आयर्लंडसारख्या देशात बिऱ्हाड हलवून राहिली. स्वतःच्या देशात शिरायला परक्या देशातून वळसा! ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि ती वाटही बुजली. आधीपासून युरोपात राहणाऱ्यांना मुदत मिळाली ती 29 मार्च 2022 पर्यंतच.

आपणही फार फुशारू नये. विवाह नोंदवून दोन वर्षे झाल्याखेरीज आपल्याकडे परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळत नाही, तोवर व्हिसावर दिवस काढायचे. कागदांची कटकट तर आपली खासियतच. पण बायकोला घरी आणण्यासाठी पगाराचा आकडा आपले सरकार विचारत नाही.

ब्रिटनने नियम साफ मोडीत काढावा, असे माझे म्हणणे आहे; ते कोणी ऐकेल अशी आशा नाही. तर निदान एवढे करावे: नवऱ्याची कमाई हिशेबात धरावी, आणि परतणाऱ्या बाईला तिकडच्या नोकरीच्या पत्रावर नवऱ्यासकट आत घ्यावे. सहा महिन्यांच्या पावत्या काय, ती दोघे एका घरात राहूनही जमवतील.