यादींतून गळलेलें नांव

निकालाच्या दिवशीं सर्वांची दृष्टि यादींतील नांवांवर असते. ज्याचें नांव यादींत नाहीं, त्याच्याकडे पाहण्यास कोणास सवड नसते. आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेंत घालविलीं. आमचा अनुभव असा कीं, पहिल्या आलेल्या मुलापेक्षां गळलेला मुलगा पुढें काय करतो, यावरून मनुष्यस्वभावाची अधिक ओळख पटते. अशाच एका गळलेल्या नांवाची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती दूरदेशची आहे आणि तींतील खेळही आपल्या परिचयाचा नाहीं. परंतु तींतून निघणारा प्रश्न आपल्या घरोघरचा आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत हिवाळ्यांत सरोवरें गोठून जातात. तेथील मुलें बुटांच्या तळाशीं पोलादी पातीं बसवून त्या बर्फावर हॉकी खेळतात. चेंडूऐवजीं रबराची चपटी चकती असते; प्रत्येक पक्षाचे सहा गडी आणि वीस वीस मिनिटांचे तीन डाव. त्या राज्यांतील सेंट पॉल शहरीं १९३७ सालीं हर्ब ब्रुक्स जन्मला. विद्यापीठाच्या संघांत तो खेळला आणि १९६० च्या ऑलिंपिकसाठीं अमेरिकेचा संघ निवडला जात असतां अगदीं शेवटपर्यंत टिकला. सामने तोंडावर आले तेव्हां जें शेवटचें नांव गाळण्यांत आलें, तें त्याचें होतें. तो संघ स्क्वॉ व्हॅली येथें सुवर्णपदक जिंकून आला. ब्रुक्सच्या वांट्यास घरीं बसून तो विजय पाहणें आलें.

पुढें १९६४ आणि १९६८ या दोन्ही ऑलिंपिकांत तो खेळला, पण पदक हातीं लागलें नाहीं. १९७२ सालीं तो आपल्याच विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. संघ तळाशीं होता. त्यानें तो १९७४, १९७६ आणि १९७९ अशा तीन वर्षीं राष्ट्रीय विजेता करून दाखविला. तेव्हां १९८० च्या ऑलिंपिकसाठीं राष्ट्रीय संघ घडविण्याचें काम त्याजकडे आलें.

रशियन संघानें १९६४ पासून सलग चार सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. ब्रुक्सचे गडी महाविद्यालयांतून आलेले, विशी-बाविशींतले तरुण. शिवाय त्यांत तट होते. विसांपैकीं बारा मिनेसोटा राज्याचे, तर चौघे बोस्टन विद्यापीठाचे. आणि मिनेसोटा व बोस्टन या दोन विद्यापीठांचें जुनें वैर होतें. ब्रुक्सनें दोन उपाय केले. प्रतिपक्षाची विद्या हीन न मानतां, रशियन गड्यांच्या वेगवान आणि परस्परांस चकती देत पुढें जाण्याच्या पद्धतींतून घेण्याजोगें तें त्यानें घेतलें. दुसरा उपाय कठोर होता. तो मुलांशीं अंतर राखून इतका कडक वागला कीं, आपसांतील भांडण विसरून तीं सर्व मिळून त्याच्यावर रागावूं लागलीं. सप्टेंबर १९७९ मध्यें नॉर्वेंतील एक सामना तीन-तीन बरोबरींत सुटला. मुलें मन लावून खेळलीं नाहींत, असें पाहून सामन्यानंतर त्यानें त्यांस बर्फावर पुनःपुन्हां धांवावयास लाविलें. दिवे मालविले गेले तरी तो थांबला नाहीं.

ऑलिंपिकपूर्वीं ९ फेब्रुवारी १९८० रोजीं न्यूयॉर्क येथें याच संघास रशियानें दहा-तीन असें हरविलें. पुढें तेराच दिवसांनीं, २२ फेब्रुवारीस, लेक प्लॅसिड येथें याच मुलांनीं रशियास चार-तीन असें हरविलें. निर्णायक गोल कर्णधार माइक एरुझिओने यानें केला आणि उरलेलीं दहा मिनिटें संघानें तो जपला. दोन दिवसांनीं फिनलंडला चार-दोन हरविल्यावर सुवर्णपदक निश्चित झालें.

यावरून कांहीं वडीलधारे म्हणतील, "पाहा, धाकावांचून मुलें वळत नाहींत." आम्हांस हें मान्य नाहीं. ते तरुण आपखुशीनें आले होते, आणि नको वाटल्यास जाण्यास मोकळे होते. घरांतील आठ वर्षांच्या मुलास तसें जातां येत नाहीं. दुसरें, ब्रुक्सचा धाक सर्वांस सारखा होता; थोरल्याचा राग धाकट्यावर, अशांतला नव्हता. तिसरें, त्याचा सहायक क्रेग पॅट्रिक याच्यापाशीं मुलांस मन मोकळें करतां येई. ज्या घरांत वडिलांचा धाक आहे आणि काकूची मांडीही आहे, तेथें मूल धाकानें कोमेजत नाहीं; जेथें धाकच तेवढा आहे, तेथें त्यास जागाच उरत नाहीं. चौथें, रशियावरील विजयाचा जल्लोष चालला असतां ब्रुक्स तेथें थांबला नाहीं. तो आंत निघून गेला. कष्ट त्यानें करविले, पण यश मुलांपाशीं ठेविलें. या चार गोष्टी ज्यांस साधत असतील, त्यांनींच खुशाल कडक व्हावें.

तथापि आमचें मन अधिक गुंतलें तें दुसऱ्याच एका प्रसंगांत. १९८० चा संघ विसांचा होता, आणि सामन्यांच्या तोंडावर शेवटचें नांव गाळण्याची पाळी ब्रुक्सवर आली. रॅल्फ कॉक्स नांवाच्या गड्यास त्यानें वगळलें. वीस वर्षांपूर्वीं तो स्वतः जेथें उभा होता, तेथेंच त्यास दुसऱ्या तरुणास उभें करावें लागलें. आपण सोसलें म्हणून दुसऱ्याचें चुकवितां येतें, असें नाहीं. यादी करणाराच्या हातीं एवढेंच राहतें कीं, शेवटच्या नांवावर रेघ ओढतांना तिच्याखालीं एक जिवंत मनुष्य आहे, हें त्यानें विसरूं नये.

ब्रुक्सनें २००२ सालीं पुनः अमेरिकेचा संघ घडविला आणि रौप्यपदक आणिलें. ११ ऑगस्ट २००३ रोजीं मोटारीच्या अपघातांत त्याचा अंत झाला. लेक प्लॅसिडच्या त्या क्रीडागृहास आज त्याचेंच नांव आहे. १९६० च्या यादींत मात्र तें नाहीं. ज्या घरांत यंदां कोणा मुलाचें नांव यादींत आलें नसेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं रात्रीं जेवणावर बोलतांना एवढें ध्यानीं ठेवावें, अशी आमची विनंति आहे.