वॉरंटी कार्डावर नाही, नंबरावर असते

गेल्या उन्हाळ्यात दिग्रसहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाईजान, लॅपटॉप सुरूच होत नाही. आतून टिकटिक आवाज येतो. पोराचा ॲडमिशनचा फॉर्म भरायचा आहे, सगळे दाखले त्यातच आहेत."

मी म्हटलं, "हार्ड डिस्क तर दिवाळीत बदलली होती ना? दुकानदारानं दोन वर्षांची गॅरंटी दिली होती."

"दिली होती. कार्डावर लिहूनही दिलं आहे."

ते कार्ड म्हणजे दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड. मागे पेनानं '२ वर्षे' आणि खाली सही. बिल नव्हतं. बिल घेतलं तर जीएसटी लागेल म्हणून भाच्यानंच ते नको म्हटलं होतं. दुकानदारानं सरळ सांगितलं, "वॉरंटी कंपनीची आहे, कंपनीला विचारा." मग आम्ही डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. उत्तर आलं की ही डिस्क लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला सुटा भाग म्हणून दिलेली आहे, हिच्यावर ग्राहकाला थेट वॉरंटी नाही. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी लॅपटॉपसाठीची डिस्क आमच्या पदरात पडली होती. हीच तपासणी दिवाळीत, पैसे देण्याआधी, दोन मिनिटांत झाली असती.

दाखले पुन्हा काढता आले, धावपळ झाली तरी. पण त्या डिस्कमध्ये आमच्या मरहूम अम्मीचा आवाज होता. शेवटच्या वर्षी भाच्यानं नानीजवळ बसून तिच्या लहानपणच्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. मोबाइल भरला म्हणून त्या लॅपटॉपमध्ये टाकल्या आणि मोबाइलमधून पुसल्या. नागपूरला डेटा काढून देणाऱ्याकडे चौकशी केली, भाव ऐकून गप्प बसलो. घरच्या ग्रुपवर पाठवलेला दोन मिनिटांचा तुकडा तेवढा राहिला.

म्हणून या महिन्यात हाच विषय. यवतमाळ असो, पुसद असो की उमरखेड, शिकणारं मूल असलेल्या घरात आज लॅपटॉप असतो, आणि कधी ना कधी डिस्क बदलायची वेळ येतेच.

आधी हे पाहा

लॅपटॉप अजून मूळ कंपनीच्या वॉरंटीत असेल तर बाहेर उघडू नका, आधी कंपनीला फोन करा. डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक वेळी आतलं नुकसान वाढतं. महत्त्वाचं काही आत असेल तर ते काढण्याचं आधी ठरवा, नव्या डिस्कचं नंतर.

आपल्या लॅपटॉपला काय बसतं तेही विचारून घ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते. तिच्या जाडीतही ७ आणि साडेनऊ मिलिमीटर असे प्रकार आहेत, जाड डिस्क पातळ खाचेत बसत नाही. त्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. तिच्यात फिरणारा भाग नसल्यानं धक्का सोसते आणि लॅपटॉपही जलद चालतो. नव्या लॅपटॉपमध्ये पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी असते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. जुनी डिस्क किंवा लॅपटॉपचा मॉडेल नंबर सोबत नेणं उत्तम.

पैसे देण्याआधी

डब्बा सीलबंद आहे का, त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, किंमत आणि महिना-वर्ष छापलेलं आहे का, पाहा. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीतली डिस्क स्वस्त मिळते, पण ती बहुतेकदा आमच्यासारखीच निघते.

डब्यावरचा आणि डिस्कवरचा सिरियल नंबर जुळवा. मग दुकानातच मोबाइलवर कंपनीची वेबसाइट उघडा. सीगेट, वेस्टर्न डिजिटल अशा मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकला की वॉरंटी कळते. नंबर नीट वाचा, शून्य आणि 'ओ' यांत गफलत होते. वॉरंटी संपलेली, दुसऱ्या देशासाठीची किंवा सुट्या भागाची दिसली तर डिस्क परत ठेवा.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून धरायची तर कंपनी बिल मागते. बिल नसेल तर ती कारखान्यातून निघाल्यापासूनचा हिशेब धरू शकते. ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद पैसे दिल्याचं सांगते, कोणती डिस्क मिळाली ते सांगत नाही. थोडा कर वाचवायला गेलो आणि आमचा हक्कच गेला.

घरी आल्यावर

डिस्क बसवल्यावर 'क्रिस्टल डिस्क इन्फो' नावाचा मोफत प्रोग्राम चालवा. डिस्क आजवर किती तास चालली ते तो दाखवतो. नवी डिस्क शून्याजवळ असावी. वर्षाचे तास ८,७६० होतात, यावरून अंदाज घ्या. मात्र हा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. त्यांचे तास शून्यावर आणलेले होते. म्हणून बिल, सिरियल नंबर आणि तास, तिन्ही तपासा. डिस्कवरचं स्टिकर काढू नका, ते फाटलं तर वॉरंटी जाते.

फसलोच तर

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर दोषी माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे दुकान मुंबईचं किंवा ऑनलाइन असलं तरी आपल्याला यवतमाळलाच जायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण तिथंही पहिला प्रश्न बिलाचाच.

वॉरंटीत काय येत नाही

वॉरंटीत डिस्कच्या बदल्यात डिस्क मिळते, तीही कधी दुरुस्त केलेली. आतलं काहीच मिळत नाही. म्हणून दाखले, फोटो आणि वडीलधाऱ्यांचे आवाज दोन जागी ठेवा. एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर. जुनी डिस्क चालू असेल तर दुकानात तशीच सोडू नका. तिच्यात घरच्या बायका-मुलींचे फोटो असतात, ती घरची अमानत आहे. सगळं पुसून मगच द्या, नाही तर घरीच ठेवा.

भाच्यानं या वेळी बिल घेतलं, नंबर तपासला आणि बिलाचा फोटो मला पाठवला. त्या दोन मिनिटांच्या तुकड्याच्या त्यानं तीन प्रती केल्या आहेत. एक माझ्याकडे आहे. आपल्या घरी असा आवाज एकाच जागी पडून असेल, तर आज मगरिबनंतर त्याची दुसरी प्रत करून ठेवा.