विनाशुल्क व्यवहाराची किंमत कोण मोजतो?

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडवरील कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करायची, तेथील नागरिकांना अटकेची भीती घालायची आणि प्रीपेड व गिफ्ट कार्डांच्या मार्फत पैसे उकळायचे, असा हा धंदा होता. त्यात रात्रपाळ्या होत्या, पगार होते, तोंडपाठ करायचे संवादही होते. पुढच्याच महिन्यात, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी आली आणि ३० डिसेंबरला पंतप्रधानांनी ‘भीम’ या शासकीय अ‍ॅपचे उद्घाटन केले. रोख सोडा, मोबाइलवरून पैसे द्या, असा आदेशवजा उपदेश सर्व देशाला झाला. मीरा रोडच्या छाप्यांनी शिकवलेला धडा मात्र कोणी ध्यानात घेतला नाही. तो धडा असा, की आधुनिक फसवणूक हा एकट्यादुकट्या भामट्याचा उद्योग उरलेला नाही. तो संघटित कारखाना आहे, आणि संघटित कारखान्याशी एकट्या नागरिकाने आपल्या हुशारीच्या बळावर लढावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

त्यानंतर मोबाइलवरील व्यवहार अफाट वाढला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या नोंदवलेल्या मीरा-भाईंदर शहरात आज भाजीच्या गाडीपासून उत्तनच्या कोळिणीच्या पाटीपर्यंत क्यूआर कोड पोचला आहे. ही सोय खरी आहे. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, गावाकडे पैसे धाडण्यासाठी भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यातील कामगाराला रजा टाकून बँकेच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. प्रश्न सोयीचा नाही. या सोयीचा खर्च कोणावर, नफा कोणाचा आणि जोखीम कोणाच्या माथी, हा प्रश्न आहे.

प्रथम शुल्काचा हिशेब पाहू. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरील व्यापारी-शुल्क कायद्याने शून्य करण्यात आले. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातली: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला ०.४० टक्के, त्याहून मोठ्यास ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच घातली गेली नाही. पाकिटातून, म्हणजे वॉलेटमधून, २००० रुपयांवरील यूपीआय भरणा झाल्यास १ एप्रिल २०२३ पासून १.१ टक्क्यापर्यंत आकार व्यापाऱ्याच्या बाजूने कापला जाऊ लागला. पाचशे रुपयांच्या मालावर बँक खात्यातून थेट पैसे आले तर दुकानदाराला पाचशेच मिळतात, ०.४० टक्क्याने कार्ड घासले तर दोन रुपये जातात. दोन टक्के आकारणाऱ्या क्रेडिट कार्डावर दहा रुपये जातात. किरकोळ नफ्यावर जगणाऱ्याला हे दहा रुपये क्षुल्लक नाहीत.

तेव्हा यूपीआय स्वस्त आहे हे निर्विवाद. पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. ‘पैसे मिळाले’ असे ओरडून सांगणाऱ्या डबीचे भाडे दुकानदार दरमहा भरतो. मोबाइलच्या रिचार्जवर खाजगी अ‍ॅप ‘प्लॅटफॉर्म फी’ लावतात. रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढणाऱ्याकडून आयआरसीटीसी ही सरकारी कंपनीही २०१९ पासून सुविधा-शुल्क घेत आली: बिगर-वातानुकूलित वर्गासाठी यूपीआयने दिल्यास १० रुपये, अन्य मार्गाने १५, वर कर वेगळा. आणि या सर्वाला विटून कोणी पुन्हा रोखीकडे वळला, तर एटीएममधून ठरावीक वेळांपेक्षा अधिक पैसे काढल्याबद्दल १ मे २०२५ पासून दर खेपेस २३ रुपयांपर्यंत दंड. आपलाच पैसा वापरण्याच्या प्रत्येक वाटेवर जकातनाका उभा आहे. फक्त काही नाक्यांवर पाटी लावलेली नाही.

आता बँका आणि अ‍ॅप-कंपन्या म्हणतात, की यंत्रणा चालवायला खर्च येतो, तो कोणीतरी दिलाच पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनीही २०२५ मध्ये हाच सूर लावला. अर्थमंत्रालयाने जून २०२५ मध्ये यूपीआयवर शुल्क लावण्याच्या बातम्या निराधार ठरवल्या खऱ्या, पण मागणी थांबलेली नाही. खर्च येतो हे विधान खरेच आहे. मात्र ते अर्धसत्य आहे. नोटा मोजण्याचा, वाहण्याचा, शाखेत माणूस बसवण्याचा बँकांचा खर्च वाचला, तो या हिशेबात कोठे आहे? कोण काय विकत घेतो, किती वाजता घेतो, महिनाअखेरीस त्याचा खिसा कितपत रिकामा होतो, ही माहिती अ‍ॅप-कंपन्यांना विनामूल्य मिळते आणि त्याच पडद्यावर त्यांना कर्जे नि विमे विकता येतात, ती कमाई कोठे आहे? यांखेरीज सरकार करदात्यांच्या पैशातून प्रोत्साहन देते ते वेगळेच. २०२४-२५ साठी लहान व्यापाऱ्यांच्या २००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांकरिता १५०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली होती.

या लाभाचे केंद्रीकरण तर डोळ्यांत भरणारे आहे. यूपीआयचा पाया भारतीय राष्ट्रीय देयके निगमाने, म्हणजे रिझर्व्ह बँक व बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ना-नफा संस्थेने घातला. त्या पायावर इमले मात्र परकीय भांडवलाचे चढले. वॉलमार्टच्या ताब्यातील फोनपे आणि गूगल पे या दोघांकडे सुमारे चार-पंचमांश व्यवहार गेले. कोणत्याही एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा नियम निगमाने २०२० मध्ये जाहीर केला. त्याची मुदत २०२२, मग २०२४ आणि मग २०२६ च्या अखेरीपर्यंत ढकलली गेली. डॉ. आंबेडकरांचे नाव मिरवणाऱ्या ‘भीम’चा वाटा नगण्य राहिला. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या त्या अर्थशास्त्रज्ञाचा गौरव नामकरणाने होत नाही, सार्वजनिक यंत्रणा सशक्त करण्याने होतो.

शुल्काहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत २०२४ मध्ये नागरिकांनी २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. यावर शासनाचे उत्तर काय? ‘सावध राहा.’ रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला काही संरक्षण दिले: त्रयस्थाच्या कृत्यामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाचे दायित्व शून्य, दोष ग्राहकाचा असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. पण खरी मेख पुढे आहे. ग्राहकाने स्वतः पिन टाकला किंवा ओटीपी सांगितला, की तो निष्काळजी ठरतो आणि तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचेच. आजची बहुतेक लूट नेमकी अशीच होते: भीती घालून, भुलवून, पिन त्याच्याच हाताने टाकायला लावून. म्हणजे ज्या चोरीचा सुळसुळाट झाला, तीच या संरक्षणातून निसटली.

नियमाने चोरी रोखता येत नाही, असेही नाही. पैसे देण्याऐवजी पैशाची मागणी धाडायची आणि समोरच्याला ‘पिन टाका म्हणजे रक्कम जमा होईल’ असे सांगून लुटायचे, ही युक्ती वर्षानुवर्षे चालली. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील अशी मागणी पाठवण्याची सोयच निगमाने बंद केली. जे एका परिपत्रकाने झाले, त्यासाठी नऊ वर्षे का लागावीत? उत्तर साधे आहे. नुकसान ज्याचे होत होते त्याच्या हाती नियम नव्हते, आणि नियम ज्यांच्या हाती होते त्यांचे नुकसान होत नव्हते.

ब्रिटनसारख्या भांडवलशाही देशानेही ही गोष्ट ओळखली. तेथे ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून धाडायला लावलेली रक्कमदेखील ८५ हजार पौंडांपर्यंत ग्राहकाला परत देण्याचे बंधन आले आणि तो भार पैसे पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या संस्थांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा ठरले. चोराचे खाते ज्या बँकेने उघडले, तिच्याच तिजोरीला झळ लागली की खाते उघडताना ती डोळे उघडे ठेवते. आपल्याकडे उलटे घडते. चोरीचा पैसा फिरत फिरत एखाद्या फेरीवाल्याच्या खात्यात पोचला, तर त्याचेच खाते गोठते आणि तोच पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा पतपुरवठा ही मूठभरांची मिरास नाही, हे तत्त्व देशाने मान्य केले होते. आज देयकांची यंत्रणा रस्ता आणि पाण्याइतकीच सार्वजनिक गरज बनली आहे. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. लहान व्यापारी आणि सामान्य नागरिक यांचा भरणा कायमचा विनाशुल्क राहावा. खर्च काढायचाच तर तो बड्या व्यापारी कंपन्यांकडून काढावा आणि त्यांनी तो गिऱ्हाइकावर लादू नये अशी कायदेशीर तरतूद व्हावी. ३० टक्क्यांच्या मर्यादेला आणखी मुदतवाढ नको. आणि फसवून पाठवायला लावलेल्या रकमेची भरपाई दोन्ही बाजूंच्या संस्थांवर बंधनकारक व्हावी.

हे कायदे होईपर्यंत कार्यकर्त्यांना हात बांधून बसण्याचे कारण नाही. शांतीनगर, नयानगर, काशिमिरा, उत्तन येथील वस्त्यांत फसवणूक झाली, की पहिल्या तासात १९३० या क्रमांकावर फोन, त्याच दिवशी बँकेला लेखी तक्रार आणि तिची पोच, एवढे काम शाखेतील दोन माणसे करू शकतात. फसलेला माणूस बहुधा लाजेने गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यातच बँकांची सोय असते. त्याला प्रथम हे सांगितले पाहिजे, की मूर्ख तो नाही. ज्या व्यवस्थेने नफा वर ठेवला आणि जोखीम खाली ढकलली, अपराध तिचा आहे.