तिचे हात धरू नका



माझी लेक नऊ वर्षांची आहे. ती स्वमग्न आहे, बोलते अगदी मोजकं. पण पंचामृत अभिषेकात दुधाची धार मूर्तीवरून खाली यायला लागली की टाचा उचलून उड्या मारायची आणि दोन्ही हात पंखांसारखे फडफडवायची. याला स्टिमिंग म्हणतात. मन भरून आलं की एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणं. भीतीने, गोंगाटानेही ते होतं; पण तिचा चेहरा पाहिला की हा आनंद आहे हे कुणालाही कळलं असतं.

मागून आवाज यायचा, "अगं, हात धर तिचे." मी धरायचे. दोन वर्षं धरले. घरीसुद्धा "हात खाली" म्हणत राहिले. मग एका सकाळी अभिषेक सुरू झाला आणि ती फ्रॉकच्या खिशात हात घालून गप्प उभी राहिली. बायका म्हणाल्या, "किती शहाणी झाली!" मला मात्र रडू आलं. तिला काय आवडतंय हे कळायची माझ्याकडे होती ती एकच खूण मी पुसून टाकली होती.

कुणी म्हणेल, देवापुढे कायगुप्ती हवी. पण गुप्ती ही मुळात मुनींची साधना, स्वतः समजून पाळायची. दुसऱ्याने मनगट पकडून आणलेली स्थिरता म्हणजे गुप्ती नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत पहिलाच 'बंध' आहे. तो शिकताना मला दावणीचं जनावर आठवायचं. माझ्या मुठीतली मनगटं कधी आठवली नाहीत.

आणि आनंदाने अंग हलणं आपल्याला परकं आहे का? आदिपुराणात ऋषभदेवांच्या जन्मोत्सवात खुद्द इंद्र नाचतो. पंचकल्याणकात मुकुट घालून इंद्र-इंद्राणी झालेली आपलीच माणसं नाचतात, तेव्हा त्यांचे हात कुणी धरत नाही.

मूल डोकं आपटत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबवायलाच हवं, तज्ज्ञांना विचारायला हवं. कुणाला जाप-स्वाध्यायाला शांतता हवी असेल तर आम्ही मायलेकी मागे दाराजवळ उभ्या राहू. पण नुसते हात फडफडले तर कुणाचं काय बिघडतं? अशी मुलगी दिसली तर तिला थोडी जागा द्या, एवढंच मागणं आहे.

यंदा क्षमावाणीला मी पहिली क्षमा तिच्याकडे मागितली. मंदिरात तिचे हात अजून खिशातच असतात. पण परवा घरी दूध तापत होतं. ते वर यायला लागलं आणि तिची बोटं हलली, मग हात हलले. मी काही बोलले नाही. गॅस बारीक केला आणि शेजारी उभी राहिले.