स्वयंपाकघराला टाळे नव्हते

'टाळेबंदी' हा शब्द मराठीला नवा नाही. औद्योगिक संबंधांच्या प्रकरणात आम्ही प्राध्यापक मंडळी तो वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. कामगारांनी काम थांबविले तर तो संप, मालकाने दार बंद केले तर ती टाळेबंदी, अशी सुटसुटीत व्याख्या विद्यार्थ्यांना उतरवून देण्याची रीत आहे. २५ मार्च २०२० पासून हा शब्द अख्ख्या देशाला लागू झाला आणि त्याचा अर्थ पालटला. कारखान्याला कुलूप लागते ते माणसांनी आत येऊ नये म्हणून. येथे ते माणसांनी बाहेर पडू नये म्हणून लागले. प्रथम एकवीस दिवस, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. या अडुसष्ट दिवसांत शाळा-महाविद्यालये, खाणावळी, चहाच्या टपऱ्या बंद होत्या. बहुतेक कार्यालये आणि कारखानेही बराच काळ बंद होते. एकच कारखाना एक दिवसही थांबला नाही. उलट तो तिन्ही पाळ्यांत चालला. तो म्हणजे घराघरातील स्वयंपाकघर.

त्या दिवसांविषयी आता कोणी बोलू लागले की आठवणी निघतात त्या बहुधा गोड असतात. दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखविण्यास आरंभ केला आणि तीन पिढ्या एका दिवाणखान्यात बसल्या. माळ्यावरचा कॅरम बोर्ड खाली आला. कुकरमध्ये मीठ पसरून त्यावर केक भाजण्याची विद्या सर्वतोमुखी झाली. कॉफी, साखर आणि गरम पाणी फेसाळेपर्यंत फेटण्याच्या आपल्याकडील जुन्याच प्रकाराला 'डालगोना' हे कोरियन नाव मिळाले आणि त्याची छायाचित्रे गावभर फिरली. हे सारे घडले आणि त्यात खोटे काही नाही. परंतु या आठवणींत एक गोष्ट सहसा नसते. केक झाल्यावर ते कुकरचे भांडे कोणी घासले?

आमचे बिऱ्हाड सांगलीचे. माझी पत्नी बँकेत नोकरीस आहे आणि बँका अत्यावश्यक सेवेत होत्या. त्यामुळे आमच्या घरी प्रकार उलटा झाला. बाई कामावर गेली, बुवा घरी राहिले. महाविद्यालयाचे वर्ग संगणकावरून घ्यायचे, ते एक-दोन तासांत आटोपत. म्हातारी आई, सोळा वर्षांची मुलगी, तेरा वर्षांचा मुलगा आणि मी असे दिवसभर घरात. शेजारच्या इस्लामपुरात मार्चअखेरीस रुग्ण सापडल्यामुळे जिल्ह्यात धास्ती मोठी होती. तासगावकडील द्राक्षे बाजार नाही म्हणून दारोदार येत, तेवढाच बाहेरच्या जगाशी संबंध. अशा स्थितीत घरकामातील निम्मा वाटा मी उचलतो आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. अर्थशास्त्राच्या माणसाला समजूत पुरत नाही, म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी एक वही आखली आणि सात दिवस घरातील कामांची मिनिटे लिहून काढली.

सरासरी आली ती अशी. आमच्या पाच माणसांच्या घराला रोज ११ तास २० मिनिटांचे काम लागत होते. त्यात पत्नीचे ४ तास ४० मिनिटे, तेही बँकेतून आल्यावर आणि बँकेत जाण्यापूर्वी. बहात्तर वर्षांच्या आईचे साडेतीन तास. माझे २ तास १० मिनिटे. मुलीचा एक तास. एका घराच्या एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, म्हणून येथेही सांगतो. तथापि, दोन गोष्टी माझ्या ध्यानात राहिल्या आहेत. पहिली अशी की, सकाळच्या उसळीसाठी रात्री हरभरे भिजत घालण्याची आठवण ठेवणे, सिलिंडर किती दिवस जाईल याचा अंदाज बांधणे, उद्या काय करायचे हा रोजचा प्रश्न सोडविणे, या कामांना माझ्या वहीत रकानाच सापडेना. ती मिनिटांत मावत नाहीत आणि डोक्यातून उतरतही नाहीत. दुसरी गोष्ट मुलीने दाखविली. वही चाळून ती म्हणाली, "बाबा, यात दादूचे नाव कुठे आहे?" मुलाच्या नावाचा रकाना मी आखलाच नव्हता. त्याने काम केले नाही हा पुढचा भाग झाला. तो करील, ही शक्यताच माझ्या मनात आली नव्हती.

आता घरातून देशाकडे वळू. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सरकारने एप्रिल ते जून या तिमाहीचे आकडे प्रसिद्ध केले. पहिल्या अंदाजानुसार स्थूल देशांतर्गत उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरले होते. व्यापार, हॉटेल, वाहतूक व दळणवळण हा विभाग तर ४७ टक्क्यांनी. ही घसरण भ्रामक होती असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तिच्यामागे कोट्यवधी माणसांचा बुडालेला रोजगार होता. परंतु त्याच तिमाहीत देशभर जी जादा भांडी घासली गेली, ज्या जादा पोळ्या लाटल्या गेल्या, आजाऱ्यांची जी शुश्रूषा झाली आणि मुलांचा जो अभ्यास घेतला गेला, त्याची नोंद या हिशेबात कोठेही नाही. कालपर्यंत उपाहारगृहात होणारे जेवण राष्ट्रीय उत्पन्नात होते. तेच घरी होऊ लागताच ते उत्पन्नातून नाहीसे झाले. खाणारा तोच, अन्न तेच.

ही विसंगती अर्थशास्त्राला ठाऊक नव्हती असे नाही. घरकामास ठेवलेल्या पगारी बाईशी मालकाने लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगूने १९२० सालीच नोंदवून ठेवले आहे. आमच्या वर्गात या वाक्याला दरवर्षी हशा पिकतो आणि तास पुढे सरकतो. राष्ट्रीय लेख्यांचे आंतरराष्ट्रीय नियम तर याहून गमतीचे आहेत. घरच्यासाठी घातलेले लोणचे ही 'वस्तू' असल्यामुळे तत्त्वतः उत्पादनात मोडते. त्या लोणच्याबरोबर खाण्याची पोळी ही 'सेवा' असल्यामुळे मोडत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालणारी गृहिणी दुपारपर्यंत उत्पादक असते आणि संध्याकाळचा कुकर लावला की अनुत्पादक होते. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले, तेव्हा प्रथम हेच पटवून द्यावे लागले असेल, की आपण करतो ते घरकाम नसून उद्योग आहे.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. आईच्या हातच्या घासाला किंमत लावणार का? मायेला भाव ठरविणार का? मायेला भाव कोणीच ठरवीत नाही. परंतु पोळी लाटण्यास जे मनगट लागते ते मायेचे नसून हाडामांसाचे असते आणि ते दुखते. शिवाय शिजविलेल्या ताटाची किंमत आपल्या राज्य सरकारने स्वतःच ठरविली आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत एका थाळीचा दर शहरी भागात ५० रुपये व ग्रामीण भागात ३५ रुपये धरण्यात आला. ग्राहकाकडून १० रुपये घ्यायचे, बाकीचे सरकारने द्यायचे. टाळेबंदीत ग्राहकाचे १० रुपये ५ वर आणले गेले. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात अशी ती साधी थाळी. आमच्या घरी पाच माणसांची दोन वेळची दहा ताटे होतात. सरकारी शहरी दराने हे दिवसाचे ५०० आणि महिन्याचे १५,००० रुपये झाले. त्यातून शिधा आणि गॅस वजा करा, नफा वजा करा. तरी उरते ती रक्कम लहान नाही. आणि यात सकाळचा चहा-नाश्ता, धुणे, केरवारा यांपैकी काहीच धरलेले नाही.

धान्य म्हणजे अन्न नव्हे, हेही त्या दिवसांनी शिकविले. केंद्राने एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो मोफत धान्य दिले, ते योग्यच झाले. परंतु धान्य शिजण्यास चूल लागते, भांडे लागते, छप्पर लागते आणि रांधणारे हात लागतात. परगावी खोलीत दहा-दहा जण राहून कामावर जाणाऱ्या मजुराजवळ यांतील बरेचसे नव्हते. कित्येकांजवळ येथील शिधापत्रिकाही नव्हती. ८ मे २०२० च्या पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, जालन्याहून गावाकडे चालत निघालेले आणि थकून रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. वाटेसाठी बरोबर घेतलेल्या त्यांच्या भाकऱ्या-पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. ते छायाचित्र ज्या सकाळी आले, त्या सकाळी आमच्या इमारतीतील एका घरून केकची वाटी आली होती. ती परत पाठविली नाही, हे कबूल करतो.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशी नऊ वर्षे येत होत्या. टाळेबंदी लागताच गृहनिर्माण संस्थेने बाहेरच्या बायांना आत घेऊ नये असे ठरविले. दूधवाला आणि वर्तमानपत्रवाला यांच्यावर मात्र पुष्कळ चर्चा झाली. एप्रिल आणि मे महिन्याचा पगार आम्ही मावशींना पूर्ण दिला आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. जूनमध्ये मी म्हणालो, काम नाही तर निम्मा पुरे. मावशी काही बोलल्या नाहीत. जुलैत त्या पुन्हा कामावर आल्या, त्याच पगारावर. याच काळात राज्य सरकारने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचा मार्चचा पगार टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरविले, तेव्हा आम्हा पगारदारांत केवढा गहजब उडाला होता! आमचा पगार नुसता लांबला होता. मावशींचा मी कापला. आणि हे करणारा मी तोच, ज्याने दोन महिन्यांपूर्वी वही आखून घरकामाची मिनिटे मोजली होती.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले, तेव्हा राज्य सरकारने घरेलू कामगारांना १५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते नोंदणी झालेल्यांना. मावशींची नोंदणी नव्हती. ती करून द्यावी असे मलाही नऊ वर्षांत कधी सुचले नव्हते. कायदे करून माणसे सुधारत नाहीत असे आपण सहज म्हणतो. येथे कायदा होता आणि सुशिक्षित मालकालाच त्याचा पत्ता नव्हता.

टाळेबंदीने पुरुषांचे डोळे उघडले, आता घरे बदलतील, असे त्या वर्षी पुष्कळ लिहिले गेले. तसे झाले काय, हे पाहण्यास सुदैवाने साधन आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या विनियोगाची पाहणी केली होती. घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला २९९ मिनिटे घालवीत होत्या. पुरुष ९७ मिनिटे, आणि तेही चारांतला जेमतेम एक. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रियांची मिनिटे २८९ झाली, पुरुषांची ८८. दोन्ही पाहण्यांच्या मधोमध ती टाळेबंदी उभी आहे. पुरुषांचा चारांतला एक अजूनही जवळपास तेवढाच आहे. स्त्रियांची जी दहा मिनिटे वाचली, ती पुरुषांनी उचलली नाहीत, एवढे तरी या आकड्यांवरून दिसते.

गृहिणींना सरकारने पगार द्यावा, या मताचा मी नाही. पगार मिळाला म्हणजे चूल तिच्या गळ्यात कायमची बांधली जाईल, ही भीती मला रास्त वाटते. मागणी त्याहून साधी आहे. राज्याची 'आर्थिक पाहणी' दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी प्रसिद्ध होते. तिला घरकामाच्या श्रमाचा एक पूरक लेखा जोडावा. आधारभूत माहिती आता उपलब्ध आहे. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका खटल्यात गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरण्याचे तत्त्व मांडताना २०१९ च्या पाहणीचाच आधार घेतला. म्हणजे या देशात गृहिणीच्या श्रमाचा हिशेब होतो, परंतु ती अपघातात गेल्यावर, विमा कंपनीसमोर. तो तिच्या हयातीत होण्यास अडचण कोणती? आणि घरकामगारांच्या बाबतीत तर कोणत्याही पाहणीची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवड्याची सुटी, ठरलेली पगारवाढ आणि मंडळाकडे नोंदणी, या तीन गोष्टी आपापल्या घरापुरत्या आपण उद्या करू शकतो. मावशींची नोंदणी आम्ही अखेर केली. ती २०२२ मध्ये, म्हणजे उशिराच.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. मुलगा आता पुण्यास शिकतो आणि मेसमध्ये जेवतो. दरमहा पैसे भरल्याची पावती तो मला पाठवितो. मेसवाल्या काकूंच्या पोळ्या राष्ट्रीय उत्पन्नात धरल्या जातात. परवा मेसला सुटी होती, तेव्हा त्याने फोन करून कणीक कशी मळायची ते विचारले. मी सवयीने फोन त्याच्या आईकडे देऊ लागलो होतो, मग थांबलो आणि स्वतःच सांगितले. पाणी किती घालायचे, हे मात्र मला नीट सांगता आले नाही.