परगावचा सामना आणि सोबत्यांचे मौन

खेळात जात नसते, वर्ण नसतो, तिथे चालते ती केवळ गुणवत्ता, हे वाक्य आपल्या कानांवर इतक्या वेळा आदळले आहे की ते एकदा तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. आरक्षणाच्या विरोधात बोलायला उभा राहिलेला गृहस्थ शेवटी क्रिकेटच्या संघाचे उदाहरण देतोच देतो. म्हणून आज आम्ही वाचकांना अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रवासांची हकिगत सांगणार आहोत. त्यातील एका प्रवासाचे तिकडे आजही गोडवे गायिले जातात. दुसऱ्याबद्दल मात्र कितीतरी वर्षे कुणी फारसे बोलत नव्हते.

आधी थोडी माहिती. अमेरिकेत अशी कितीतरी छोटी गावे आहेत जिथे विद्यापीठ हेच गाव असते. दुकानदार, डॉक्टर, वकील, प्राध्यापक, खाणावळवाले, सगळ्यांचा चरितार्थ विद्यापीठाभोवती फिरतो, आणि सामन्याच्या संध्याकाळी सारा गाव बंदिस्त क्रीडागृहात जमतो. संघाचे निम्मे सामने आपल्या गावात होतात, निम्मे दुसऱ्याच्या. दुसऱ्याच्या गावात जाऊन खेळणे अवघडच असते. प्रेक्षक अगदी रेषेला खेटून बसतात, ओरडतात, डिवचतात. हा खेळाचाच भाग आहे असे तिकडे मानतात. पण कृष्णवर्णीय खेळाडू दक्षिणेतल्या अशा गावात उतरला की ओरडण्याचा अर्थ बदलत असे.

पहिली हकिगत १९६३ सालची. मिसिसिपी हे वर्णद्वेषाचे माहेरघर. तेथील स्टार्कव्हिल गावच्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ चांगला होता. दक्षिणेतील विद्यापीठांच्या गटात तो १९५९, १९६१ आणि १९६२ साली अव्वल आला. पण राष्ट्रीय स्पर्धेला गेला नाही. कारण तिथे समोरच्या संघात काळे खेळाडू असण्याची शक्यता, आणि काळ्यांबरोबर खेळायचे नाही असा राज्यात दंडक. हा दंडक कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. आपल्या वाचकांना याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. गावविहिरीवर कोणी पाणी भरावे हेही कुठल्या कायद्यात लिहिलेले नव्हते.

१९६३ साली विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोलव्हार्ड यांनी संघ पाठवायचा निर्णय घेतला. राज्यातल्या सनातनी गोऱ्यांनी गदारोळ केला, दोघा राजकारण्यांनी कोर्टातून मनाई हुकूम मिळवला. तो हुकूम हातात पडू नये म्हणून प्रशिक्षक बेब मॅकार्थी रातोरात मोटारीने राज्याबाहेर निघून गेले, अध्यक्ष अलाबामात गेले, आणि राखीव खेळाडूंना विमानतळावर पुढे पाठवून खरा संघ वसतिगृहात दडवून ठेवला गेला. वाट मोकळी आहे असे कळल्यावर विमान उडाले. मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंग या विद्यापीठाच्या गावी १५ मार्च १९६३ रोजी त्यांचा सामना शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाशी झाला. लॉयोलाच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चार कृष्णवर्णीय होते. सामन्यापूर्वी लॉयोलाचा कर्णधार जेरी हार्कनेस आणि मिसिसिपीचा कर्णधार जो डॅन गोल्ड यांनी हस्तांदोलन केले आणि कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. लॉयोलाने ६१-५१ असा सामना जिंकला आणि पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदही.

या सामन्याला तिकडे ‘परिवर्तनाचा सामना’ म्हणतात. आम्ही त्याचे मोल कमी करू इच्छित नाही. मॅकार्थी आणि कोलव्हार्ड यांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करला, ही गोष्ट सोपी नव्हती. २०११ साली जो डॅन गोल्ड वारले तेव्हा हार्कनेस त्यांच्या अंत्यविधीला गेले, आणि शवपेटीपाशी त्यांना त्याच हस्तांदोलनाचा फोटो ठेवलेला दिसला. हे वाचताना कुणाच्याही मनाला ओलावा येईल.

पण दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ज्या विद्यापीठाचा संघ काळ्यांशी खेळायला चोरवाटेने गेला, त्या विद्यापीठात त्या दिवशी कृष्णवर्णीय विद्यार्थी किती होते? एकही नव्हता. पहिला विद्यार्थी रिचर्ड होम्स, १९६५ साली दाखल झाला. बास्केटबॉलच्या संघात काळा खेळाडू यायला तर सत्तरचे दशक उजाडावे लागले. दूरच्या गावी जाऊन हात मिळवणे आणि आपल्या घरात ताट वाढणे, यांत फरक आहे. दुसरा प्रश्न असा की प्रवास एकट्या मिसिसिपीच्याच संघाने केला होता काय? लॉयोलाचे खेळाडू न्यू ऑर्लिन्सला गेले तेव्हा गोरे खेळाडू हॉटेलात उतरले आणि काळ्या खेळाडूंची सोय काळ्या कुटुंबांच्या घरी करावी लागली. ह्यूस्टनला प्रेक्षकांनी त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार केला. हार्कनेसच्या वसतिगृहात धमक्यांची पत्रे येऊन पडत. ‘परिवर्तनाचा प्रवास’ म्हटला की लोकांना आठवते ते गोऱ्या मुलांचे मिसिसिपीतून निसटणे. ज्यांनी त्या देशात रोजच जीव मुठीत धरून प्रवास केला त्यांच्या वाट्याला फोटोतला अर्धा भाग येतो.

आता दुसरी हकिगत, आणि आमच्या मते हीच खरी. पेरी वॉलेस हा नॅशव्हिलच्या कष्टकरी घरातला मुलगा. काळ्यांच्या पर्ल हायस्कूलमध्ये शिकला, वर्गात पहिला आला. १९६६ साली टेनेसी राज्याची शालेय बास्केटबॉल स्पर्धा प्रथमच काळ्या-गोऱ्या शाळांची एकत्र झाली, ती त्याच्या शाळेने एकही सामना न हरता जिंकली. त्याच वर्षी त्याने आपल्याच गावातील गोऱ्यांच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. दक्षिणेतील त्या गटात मुख्य संघातून बास्केटबॉल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जे ओरडतात त्यांनी हा आलेख नीट पाहावा. वर्गात पहिला, मैदानावर पहिला. आता तरी दार सताड उघडायला हवे होते.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा वेगळा संघ असे. वॉलेसबरोबर डेट्रॉइटचा गॉडफ्रे डिलर्ड हा दुसरा कृष्णवर्णीय खेळाडूही होता. मिसिसिपी विद्यापीठाने त्या वर्षी या संघाशी ठरलेला सामनाच रद्द केला. मिसिसिपी स्टेटने मात्र केला नाही, आणि १९६७ च्या फेब्रुवारीत हे दोघे स्टार्कव्हिलला गेले. होय, तेच स्टार्कव्हिल, ज्याच्या धैर्याची गाथा आम्ही वर सांगितली. मध्ये फक्त चार वर्षे गेली होती. छोटे क्रीडागृह, कानठळ्या बसवणारी गर्दी, घाणेरड्या शिव्या, जिवे मारण्याच्या धमक्या. मध्यंतरात ही दोन पोरे कपडे बदलायच्या खोलीत शेजारी शेजारी बसली आणि त्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. हात थंड पडले होते, असे वॉलेस पुढे अनेक वर्षांनी सांगत.

मैदानावर शिव्या देणारी ही माणसे कोण होती याचा विचार आम्हाला नेहमी अस्वस्थ करतो. ती अडाणी नव्हती. विद्यापीठाच्या गावची गर्दी होती ती: विद्यार्थी, त्यांचे पालक, पदवीधर, गावातले प्रतिष्ठित. शिक्षणाने माणूस आपोआप माणूस होतो असे मानणाऱ्यांनी एकदा तरी अशा गर्दीकडे पाहावे. बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना तेव्हा ते विदेशातून विद्या घेऊन आलेले अधिकारी होते, आणि हाताखालचे कारकून लिहिता-वाचता येणारेच होते.

डिलर्डचा गुडघा दुखावला, आणि मुख्य संघात खेळायची संधी न मिळताच त्याने व्हँडरबिल्ट सोडले. वॉलेस एकटा उरला. १९६८ च्या फेब्रुवारीत व्हँडरबिल्टचा संघ ऑक्सफर्डला गेला. हे ऑक्सफर्ड मिसिसिपीतले; १९६२ साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून याच विद्यापीठात दंगल उसळली होती, दोन माणसे मेली होती आणि केंद्राला सैन्य पाठवावे लागले होते. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्यांचा झेंडा तेथील सामन्यांत सर्रास फडकत असे. अशा ठिकाणी हा वीस वर्षांचाही पुरता नसलेला मुलगा उतरला. पहिल्या सत्रात त्याच्या डोळ्यावर जोरदार फटका बसला. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. गर्दीने जल्लोष केला.

मध्यंतरात त्याच्या डोळ्यावर उपचार चालू होते. तेवढ्यात खेळ सुरू व्हायची वेळ झाली आणि संघ मैदानावर निघून गेला. कुणी थांबले नाही. वॉलेस एकटाच दाराशी उभा राहिला. बाहेर तो परत येतो की पळतो याची वाट पाहणारी गर्दी होती. तो दार उघडून बाहेर आला, शिव्यांच्या माऱ्यातून चालत मैदानापर्यंत गेला आणि खेळला. चांगला खेळला. सामना व्हँडरबिल्टने जिंकला.

आम्हाला वाटते, या साऱ्या इतिहासातला सर्वांत लांब प्रवास तो होता: खोलीच्या दारापासून मैदानाच्या रेषेपर्यंतचा. त्याचा फोटो नाही.

आणि वॉलेसच्या मनाला सर्वांत जास्त काय लागले असेल? शिव्या तर अपेक्षितच होत्या. लागले ते सोबत्यांचे गप्प राहणे. हे सहकारी वाईट नव्हते. त्याच्याशी भांडले नाहीत, त्याला चेंडू देत होते, जिंकल्यावर आनंदही करत होते. पण आज तुझ्यावर काय गुजरले ते आम्ही पाहिले, एवढे चार शब्द कुणी उच्चारले नाहीत. विद्यापीठाजवळच्या एका चर्चमध्ये तो प्रार्थनेला जाई, तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्याला येऊ नको म्हणून सांगितले. शिवी देणारा शत्रू ओळखता येतो. शेजारी बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या सज्जनाचे काय करायचे?

१९६७ सालीच बास्केटवर उडी मारून वरून चेंडू आत दाबण्यावर, म्हणजे ‘डंक’वर, महाविद्यालयीन खेळात बंदी आली. वॉलेसचे ते खास अस्त्र होते. आदल्या वर्षी टेक्सास वेस्टर्नच्या पाच काळ्या खेळाडूंनी केंटकीच्या गोऱ्या संघाला अंतिम सामन्यात हरवले होते, त्यामुळे बंदीमागे वर्णद्वेष असल्याची शंका अनेकांनी घेतली. बंदी १९७६ पर्यंत राहिली. १९७० साली वॉलेसचा शेवटचा सामना आपल्या घरच्या मैदानावर झाला, समोर मिसिसिपी स्टेटच होते. त्या दिवशी त्याने नियम धाब्यावर बसवून चेंडू वरून दाबला. हे वाचून आम्हाला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही.

त्यानंतर लगेच त्याने नॅशव्हिलच्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली आणि चार वर्षांचा एकटेपणा सरळ शब्दांत सांगितला. गावाने त्याला कृतघ्न ठरवले. आम्ही तुला संधी दिली, तू आमचीच बदनामी करतोस! हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. पुण्यात पळवणकर बाळू यांच्या डावखुऱ्या फिरकीवर हिंदूंचा संघ सामने जिंकत असे, आणि चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांनीही म्हणे कृतज्ञ राहावे!

वॉलेस नॅशव्हिल सोडून गेले. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले तिथूनच त्यांनी १९७५ साली कायद्याची पदवी घेतली, केंद्र सरकारच्या न्याय खात्यात वकिली केली, पुढे वॉशिंग्टनमध्ये कायद्याचे प्राध्यापक झाले. व्हँडरबिल्टने त्यांच्या जर्सीचा २५ हा क्रमांक सन्मानाने कायमचा राखून ठेवला तो २००४ साली, म्हणजे चौतीस वर्षांनी. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ते गेले.

आणि डिलर्ड? तेही वकील झाले. मिशिगन विद्यापीठात अल्पसंख्य विद्यार्थ्यांना प्रवेशात मिळणाऱ्या सवलतीविरुद्ध गोऱ्या विद्यार्थ्यांनी दावा लावला, तेव्हा त्या सवलतीच्या बाजूने उतरलेल्या विद्यार्थ्यांचे वकीलपत्र घेणाऱ्यांत ते होते. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशासाठी ठरावीक गुण देण्याची ती पद्धत रद्द केली, मात्र त्याच दिवशी कायद्याच्या शाखेतील प्रवेशात वंशाचा विचार करायला मुभा दिली. २०२३ साली ती मुभाही काढून घेतली गेली.

आपल्याकडेही विद्यापीठांचे संघ आंतरविद्यापीठ सामन्यांना परगावी जातात. कबड्डीचे, खो-खोचे, बास्केटबॉलचेही. रेल्वेच्या त्या डब्यात कोण कुणाच्या शेजारी बसते, कुणाच्या डब्यातली भाकरी कोण खाते, मुक्कामी आडनाव विचारल्यावर खोलीतली गादी कशी बदलते, याची नोंद कुठे आहे? बाबासाहेबांनी आपल्या प्रवासांच्या नोंदी लिहून ठेवल्या म्हणून मसूर स्टेशन आणि गोरेगावची बैलगाडी आपल्याला माहीत आहे. आपल्या वाचकांत असे खेळाडू नक्कीच आहेत, कित्येक आता निवृत्तही झाले असतील. त्यांनी त्या प्रवासांविषयी लिहून पाठवावे. गावाचे नाव, साल आणि कोण गप्प बसले होते, एवढे लिहिले तरी पुरे.